आधी खेळ, मग वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पोळ्या लाटताना मनात आले तेच सांगते.

आमच्या शेजारी चार वर्षांची एक मुलगी आहे. बाप रात्रपाळीला यंत्रमागावर, आई घरात शिलाई करते. दिवसा बाप झोपतो, म्हणून घरात आवाज करायचा नाही. गल्लीत टेंपोंची ये-जा, म्हणून बाहेर खेळायचे नाही. एका दुपारी ती आमच्याकडे आली. दोन बाहुल्या भिंतीशी बसवल्या आणि स्वतः पाटीवर रेघोट्या ओढू लागली. मी विचारले, "काय खेळतेस ग?" म्हणाली, "अंगणवाडी. मी बाई आहे. यांना गप्प बसवलंय, मला लिहायचंय."

आधी मला हसू आले. मग रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत तासभर बसले. हजेरी, आहार, वजन-उंची, लसी, गरोदर बायांची नोंद. वहीत लिहायचे आणि मोबाइलमध्येही भरायचे. मध्येच रेंज जाते. मध्येच आपल्यातलीच एखादी दाखल्यासाठी दारात उभी. मुले सतरंजीवर, ठोकळ्यांचा डबा कपाटावर. ताई, रागावू नका. दोष तुमचा नाही. तुमचे हात दोनच आहेत.

ही अंगणवाडी मुळात कोणाची? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. पुढे ते काम कोसबादला गेले. बालवाडीत मुले येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले. खेळणी कसली, तर शंख-शिंपले, बिया, पाने. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्यात पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी अशी सहा कामे आहेत आणि शाळेपूर्वीचे शिक्षण त्यांतलेच एक. २०२१ पासून पोषण ट्रॅकर मोबाइलवर आला. २०२० चे शैक्षणिक धोरणही म्हणते की या वयात खेळातूनच शिकवावे.

नोंद नकोच, असे मी म्हणत नाही. वजनाच्या नोंदीमुळेच सुकत चाललेले मूल वेळीच ध्यानात येते. पण एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची?

आणि खरे सांगते, कागद आपणही मागतो. माझा मुलगा लहान असताना मी रोज विचारायची, "आज काय लिहिलंस?" "आज काय खेळलास?" हे एकदाही विचारले नाही. तेलुगू, हिंदी, मराठी बोलणारी पोरे एका फुगडीत एकमेकांची भाषा उचलतात, बिया मांडता मांडता मोजायला शिकतात. ते वहीत दिसत नाही, म्हणून आपल्याला ते शिक्षणच वाटत नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, मोबाइलमध्ये भरलेले वहीत पुन्हा मागू नये, असा अर्ज आपण सर्वांच्या सह्यांनी प्रकल्प कार्यालयाला द्यावा. दोन, सकाळचा पहिला तास खेळाचा. त्या वेळी आपल्यापैकी कोणीही कामासाठी ताईंच्या दारात जाऊ नये. तीन, रोज दोघींनी पाळीपाळीने तासभर मुलांत बसावे. कारखान्यातले रिकामे कोन आणि शिलाईच्या चिंध्या आपल्या भिवंडीत काय कमी आहेत? कोनांचे मनोरे होतात, चिंध्यांच्या बाहुल्या होतात. बारीक बिया मात्र अगदी लहानांच्या हाती देऊ नका. त्या तोंडात जातात.

सोमवारची पहिली पाळी माझी. दुसरी कोण, तिने आत्ताच हात वर करावा.

त्या मुलीने पुन्हा 'अंगणवाडी' खेळायला घेतली, तर तिच्या बाहुल्या फेर धरून नाचताना मला दिसाव्यात.