गाडीला कोणते ऑइल घालाल?



आपल्या खोडाळ्यात आता मोटारसायकली आल्या, जीपगाड्या आल्या. विहीगाववरून कसाऱ्याला जायचे तर वाट चढउताराची. आजारी माणसाला मोखाड्याच्या रुग्णालयात न्यायचे, तरी गाडीच लागते. अशा वेळी इंजिन जाम झाले तर? माणूस वाटेतच अडकतो. दुरुस्तीचा खर्च होतो तो वेगळाच. म्हणून आज आम्ही इंजिनाच्या ऑइलविषयी सांगणार आहोत.

बैलगाडीच्या चाकाला आपण वंगण का घालतो? घासून झीज होऊ नये म्हणून. इंजिनात ऑइल हेच काम करते. शिवाय ते उष्णता वाहून नेते आणि काजळी धरून ठेवते. चढावर, भरल्या ओझ्याने इंजिन फार तापते. तेव्हा ऑइल फार पातळ झाले, तर लोखंड लोखंडाला खाते.

मग ऑइल कोणते घ्यावे? कोणी म्हणतो, जाड ते चांगले. कोणी म्हणतो, महाग ते चांगले. हे काही खरे नव्हे. गाडीबरोबर पुस्तक मिळते. त्यात ऑइलचा आकडा छापलेला असतो. कुठे '१०डब्ल्यू-३०', कुठे '२०डब्ल्यू-४०'. पहिला आकडा लहान, तर थंडीत ऑइल लवकर वाहते. दुसरा आकडा मोठा, तर तापल्यावरही ते जाड राहते. आपल्या गाडीला जो आकडा सांगितला, तोच घ्यावा.

आकड्याजवळची अक्षरेही पाहा. गिअरच्या मोटारसायकलचा क्लच बहुधा ऑइलातच बुडलेला असतो. तिला 'एम ए' अक्षरांचे ऑइल लागते. मोटारीचे ऑइल घातले, तर क्लच घसरू शकतो. डिझेल गाडीचे ऑइल वेगळे. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या पुष्कळ डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी असते. चुकीच्या ऑइलाची राख तिच्यात साचते.

डब्यावरची अक्षरे इंग्रजी असतात. पण घाबरायचे कारण नाही. पुस्तकातला आकडा आणि अक्षरे कागदावर जशीच्या तशी उतरवा. दुकानात डब्याशी ताडून पाहा. जुळले तरच पैसे द्या. सील तुटलेला डबा घेऊ नका. सुटे ऑइल तर मुळीच नको.

ऑइल घातले म्हणजे काम संपले नाही. गाडी सपाट जागी उभी करा. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पट्टीने ऑइल मोजा. ते दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी नको, तसे जास्तही नको. चालताना ऑइलचा तांबडा दिवा लागला, तर गाडी तिथेच थांबवा आणि इंजिन बंद करा. ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेले महिने, यांतले जे आधी भरेल तेव्हा ऑइल बदला. काढलेले काळे ऑइल ओहोळात ओतू नका. तेच पाणी गुरे पितात.

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा डबा स्वतः वाचा आणि मगच ऑइल घाला.