डोळा पाहतो, मेंदू ओळखतो



आज आम्ही अशा एका आजाराविषयी बोलणार आहोत, ज्याला आपल्या घरांत अजून आजार म्हणत नाहीत. 'म्हातारचळ लागला' असे म्हणून विषय संपविला जातो. वैद्यकशास्त्र त्यास स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया म्हणते. भारतात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख लोकांना तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला.

हा आजार विसरण्यापासूनच सुरू होतो, असा आपला समज आहे. परंतु कधी कधी पहिली खूण पाहण्यात दिसते. डोळा प्रकाश आत घेतो. समोर काय आहे, किती अंतरावर आहे, हे मेंदू ठरवितो. तेथे बिघाड झाला, की चष्मा बदलूनही जिन्याची पायरी चुकते, समोरचा पेला हाती येत नाही. घरची माणसे चिडून विचारतात, "डोळे फुटले काय?" डोळे शाबूतच असतात!

म्हणून डॉक्टर साध्या चाचण्या घेतात. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवावयास सांगतात. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढावयास देतात. इंग्लंडमधील नॉरफोक येथे ८,६२३ निरोगी माणसांची पाहणी झाली. पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यांत त्रिकोण दिसताच बटण दाबावयाचे, अशी त्यात एक चाचणी होती. पुढे ५३७ जणांना स्मृतिभ्रंश झाला. या लोकांना त्रिकोण ओळखण्यास सरासरीने अधिक वेळ लागला होता, आणि हा फरक निदानाच्या बारा वर्षे आधीही दिसू शकतो, असे २०२४ साली संशोधकांनी मांडले. तथापि ही सरासरी आहे. एका चाचणीवरून कोणाही एकाचे भविष्य सांगता येत नाही.

येथे आम्हांला एक प्रश्न विचारावासा वाटतो. आमच्या कित्येक आयांच्या हाती पाटी-पेन्सिल कधी आलीच नाही. त्यांना पंचकोन काढता आला नाही, तर दोष मेंदूचा, की नाकारलेल्या शाळेचा? हा प्रश्न संशोधकांनाही पडला. हरियाणातील बल्लभगढ भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांना जमेल अशी हिंदी चाचणी तयार झाली व १९९५ साली प्रसिद्ध झाली. आपल्या माणसांची परीक्षा आपल्या भाषेत आणि आपल्या जगण्याला धरूनच झाली पाहिजे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, घरातील आजी-आजोबा वारंवार ठेचकाळू लागले, ओळखीच्या वाटेवर गोंधळू लागले, तर हसू नका. प्रथम मोतीबिंदू व चष्म्याचा नंबर तपासून घ्या. डोळे ठीक असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी यांनीही असा गोंधळ होतो, आणि त्यांवर उपचार आहेत. स्मृतिभ्रंशच निघाला, तर तो समूळ बरा करणारे औषध आज नाही. पण वेळीच कळले, तर घराला तयारी करता येते आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याची बोलणी तरी थांबतात.