शिरपूरची लेक

कापसाची वेचणी चालू आहे, त्यामुळे कुणी वावरात ऐकत असाल, कुणी चुलीपाशी.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि आमच्या गटात वाद पेटला. कारण ‘उंबरठा’. जब्बार पटेलांचा १९८२ चा चित्रपट, आठ-दहा जणींनी एकाच मोबाइलवर पाहिलेला. त्यातली सुलभा लहान मुलीला सासरी ठेवून महिला सुधारगृहात नोकरीला जाते. परत येते, तर नवऱ्याचं दुसरीकडे जमलेलं. ती पुन्हा घर सोडते. आमच्या काकू म्हणाल्या, “पोर टाकून जाणारी बाई मला नाही पटत.” एक सून म्हणाली, “बाप्या माणूस कामाला परगावी जातो, त्याला कुणी विचारतं का?” वाद काही मिटला नाही. पण घरी जाताना काकूच म्हणाल्या, “तिचा राग आला आणि रडूही आलं. काम खरं केलं पोरीनं.”

ती पोर म्हणजे स्मिता पाटील. जन्म पुण्यातला, १९५५ चा. घराणं मात्र आपल्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं. मुंबई दूरदर्शनवर ती बातम्या वाचायची. तिथून श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांत आली. त्यांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला. म्हणजे आपल्या बचत गटासारखंच की! पुढे ‘भूमिका’त तिनं एका नटीचंच आयुष्य उभं केलं; त्याला आधार होता हंसा वाडकरांच्या आत्मकथनाचा. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतर ‘चक्र’मधल्या झोपडपट्टीतल्या बाईलाही मिळाला. ‘उंबरठा’ आला त्याच वर्षी ती ‘नमक हलाल’मध्ये पावसात नाचलीसुद्धा. कुणी नाक मुरडतं. आम्ही नाही मुरडत. आपणही खायला ज्वारी पेरतो आणि पैशाला कापूस लावतोच ना.

१३ डिसेंबर १९८६ ला ती गेली. बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं होतं. वय एकतीस. बाळंतपणानंतरचं दुखणं. एवढी नावाजलेली, मुंबईत राहणारी, तरी! हे वाचून दाखवलं तेव्हा बैठकीत कुणी बोललं नाही. प्रत्येकीला आपल्या गावातली कुणीतरी आठवली असणार.

तिचा ‘मिर्च मसाला’ ती गेल्यावर, १९८७ मध्ये लागला. सुभेदाराच्या हाती पडू नये म्हणून सोनबाई मिरच्यांच्या कारखान्यात लपते. गाव म्हणतं, देऊन टाका तिला. आत काम करणाऱ्या बायकाही आधी तिच्यावरच चिडतात, आणि हेच आम्हाला सगळ्यात खरं वाटलं. शेवटी त्याच बायका काय करतात, ते सांगत नाही. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मजुरीला गेलेल्या आमच्या दोघी-तिघी आहेत. रात्रभर हाताची आग होते, पाण्यात बुडवला तरी थांबत नाही, असं त्या सांगतात.

येत्या बैठकीत आम्ही तोच चित्रपट लावणार आहोत. या वेळी शाळेचा मोठा पडदा मागितलाय. काकू म्हणाल्यात, पुढची जागा माझी.