एक खोली, चार वर्ग



आपल्या वऱ्हाडात लहान गावची शाळा म्हणजे पिढ्यानपिढ्या एकच खोली होती. कुठं तीही नव्हती. मग मारुतीच्या देवळात नाहीतर पाटलाच्या ओसरीवर शाळा भरायची. डॉ. पंजाबराव देशमुख 1898 साली पापळला जन्मले. खेड्यातल्या शाळेत मुळाक्षरं गिरवलेला हा मुलगा ऑक्सफर्डला जाऊन वेदांवर प्रबंध लिहून आला. पुढे अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं, याचा त्यांनी ध्यास घेतला. गावात शाळा नसली तर शेतकऱ्याच्या पोराचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. 1987 च्या खडू-फळा मोहिमेनं प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक देऊ केले. तरी एकशिक्षकी शाळा संपल्या नाहीत.

तिथलं काम जवळून बघावं. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ. डावीकडे तिसरीची गणितं, उजवीकडे चौथीचं शुद्धलेखन. पहिलीची पोरं दाराशी बसून पाटीवर बाराखडी गिरवतात. चौथीतली एखादी हुशार पोरगी दुसरीचे पाढे म्हणून घेते, आणि शिकवता शिकवता तिचेही पाढे पक्के होतात. वरच्या वर्गाचा धडा खालच्यांच्या कानावर आपोआप पडतो. मला हे फार मोलाचं वाटतं. पण गुरुजी पंचायत समितीच्या मीटिंगला गेले, की त्या दिवशी शाळेला कुलूप. खिचडी, जनगणना, निवडणूक, सगळं त्याच एका माणसाच्या डोक्यावर.

मेळघाटात आणखी एक अडचण. चिखलदरा, धारणीकडची लेकरं घरी कोरकू बोलतात आणि पुस्तक असतं मराठीत. पहिलीतलं पोर गप्प बसलं, तर ते मठ्ठ नसतं. त्याला गुरुजींची भाषाच कळलेली नसते.

आता वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेला जोडायच्या, अशी चर्चा आहे. मोठ्या शाळेत खोल्या जास्त, शिक्षक जास्त, हे खरंच. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत मागितली, ती उगाच नव्हे. श्रावणात नाल्याला पूर आला, तर सहा वर्षांची पोर पलीकडे जाणार कशी? तिची आई वावरात निंदणाला गेलेली असते. मला विचाराल तर त्या खोलीला कुलूप लावू नये, तिथं दुसरे गुरुजी द्यावेत. आणि मेळघाटात तरी ते कोरकू बोलणारे असावेत.