हात धुवून पाठीस लागलेली साथ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



संकट ‘हात धुवून पाठीस लागते’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. २०२० साली संकट पाठीस लागले खरे, परंतु हात मात्र आपल्यालाच धुवावे लागले! ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जगद्‌व्यापी साथ जाहीर केली आणि घरोघरच्या मोरीस देवघराचे महत्त्व आले.

साबण लावून निदान वीस सेकंद हात चोळावेत, असा दंडक होता. ते मोजावयाचे कसे? पाश्चात्त्य लोक वाढदिवसाचे गाणे दोनदा म्हणत. आम्ही म्हटले, दिवसातून दहा वेळा वाढदिवस साजरा झाला, तर वर्षाअखेर आपले वय काय होईल? तेव्हा कोणी आरतीचे कडवे धरले, कोणी बेचा पाढा. पुढची अडचण नळाची. मळक्या हाताने उघडलेला नळ धुतल्या हाताने बंद करावयाचा, म्हणजे पुनश्च हात धुणे आले. हा तर्क शेवटास नेला, तर मनुष्याने मोरीबाहेर येऊच नये! ज्या आजोबांनी ‘हात धुतल्याशिवाय पानावर बसू नकोस’ असे नातवास बजावले, त्यांच्याच पाठीशी नातू घड्याळ घेऊन उभा राहिला. दुधाच्या पिशव्यांनाही स्नान घडले.

हात धुण्याचा उपदेश पूर्वी मात्र हसण्यावारी नेला गेला नाही. त्याचा राग आला. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टर सेमेलवाइस यांनी प्रसूतीपूर्वी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात शेकडा सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या; जूनमध्ये ते प्रमाण सुमारे २ वर आले. तरीही अनेक वैद्यांना हे मानवले नाही. आपले हात मळके आहेत, हे प्रतिष्ठितांना ऐकवत नाही, हेच खरे.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलण्यास कारण आहे. ‘आमच्या सोवळ्यात हेच शास्त्र होते’ असे साथीच्या काळात पुष्कळांनी अभिमानाने म्हटले. परंतु सोवळे निराळे, साबण निराळा. या विषाणूभोवती स्निग्ध कवच असते. साबण ते फोडतो. हात कोणाचा, हे साबण विचारीत नाही. सोवळे प्रथम तेच विचारी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी डॉक्टर आंबेडकर व त्यांच्या अनुयायांना सत्याग्रह करावा लागला, तो त्या विचारण्यापायी. पुढे त्र्याण्णव वर्षांनी, त्याच मार्च महिन्यात, आपण सारेच एकमेकांस शिवेनासे झालो. कोणी आपल्याला टाळून दूर सरकले की मनास काय वाटते, हे काही महिने आपल्याही अनुभवास आले. तेवढी आठवण तरी धुऊन जाऊ नये.

शिवाय, त्याच दिवसांत सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्यांना वारंवार हात धुणे ही चैन होती. ज्यांचे पोट हातावर, त्यांच्या हातावर पाणीही नव्हते. म्हणून निदान साबण चोळताना नळ बंद ठेवण्याचा परिपाठ आपण सोडू नये. आणि पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न निघेल तेव्हा, तो आपला नव्हे म्हणून हात झटकू नयेत.

बंधुभगिनींनो, भोजनाची वेळ झाली आहे. हात अवश्य धुवा. माणुसकीवर मात्र पाणी सोडू नका, एवढे विनवून आम्ही आपली रजा घेतो.