व्ह्रोत्सवाफचे विरजण

श्रोतेहो, पोलंडातील व्ह्रोत्सवाफ शहराच्या तंत्रविद्यापीठाविषयी बोलावयाचे म्हणजे त्याचा इतिहास, तेथील अध्यापन आणि विद्यार्थिजीवन ह्या साऱ्यांना थोडीथोडी मिनिटे वाटून द्यावीत हे रास्त. परंतु माझे मन एकाच गोष्टीत अडकून पडले आहे आणि तीच मी आज फिरून फिरून सांगणार आहे, तेव्हा माहितीपत्रकाची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी क्षमा करावी.

दुसरे महायुद्ध संपले, सरहद्दी सरकल्या, पोलंडच्या पूर्वेचे ल्व्हूव शहर सोव्हिएट युक्रेनमध्ये गेले आणि पश्चिमेचे जर्मन ब्रेस्लाऊ पोलंडच्या पदरात पडून व्ह्रोत्सवाफ झाले. तेथे ओड्रा नदीकाठी जर्मन तंत्रविद्यालयाचा भव्य इमला होता; १९१० साली खुद्द कैसर विल्हेल्मच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले होते. ऑगस्ट १९४५ मध्ये सरकारी फर्मान निघाले आणि पोलिश तंत्रविद्यापीठ दप्तरी दाखल झाले. पण एवढ्याने विद्यापीठ झाले काय? भांडे घासून ठेवले, दूध तापवून कोमट केले, म्हणून दही लागत नाही, हे आपल्या घरातील कोणतीही आजीबाई सांगेल. विरजण लागते, आणि ते आले ल्व्हूवहून, मालगाडीच्या डब्यांतून, बोचकी आणि पुस्तके सांभाळीत बसलेल्या अध्यापकांच्या रूपाने. युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आलेली पोलिश कुटुंबे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना पूर्व पोलंडची माणसे मुळासकट उपटली जाणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको.

आता हे विरजण कोणत्या जातीचे होते ते पाहा. ल्व्हूवचे तंत्रविद्यापीठ १८४४ सालचे, ऑस्ट्रियन अमलातले. १९२० साली तेथे वोम्नित्स्की ह्या गणिताच्या प्राध्यापकांनी स्टेफान बानाख नावाच्या तरुणास साहाय्यक नेमले, तेव्हा त्याच्यापाशी पदवी नव्हती. पहिल्या टप्प्याची परीक्षा काय ती झालेली. एखाद्या दक्ष हेडक्लार्काने ‘अपात्र’ असा शेरा मारून तो अर्ज परत धाडला असता, आणि ज्याच्या नावाच्या अवकाशांवाचून आज गणिताच्या वरच्या वर्गाचे पान हलत नाही, तो मनुष्य शिकवण्या करीत राहिला असता.

तरी विरजण पुरते उरलेही नव्हते. जर्मनांनी ल्व्हूव घेतल्यावर ३ जुलै १९४१ च्या रात्री प्राध्यापकांना घराघरांतून उचलण्यात आले आणि पहाटे टेकडीवर गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत वोम्नित्स्की होते, आपल्या दोन मुलांसह गणिताचेच प्राध्यापक स्तोझेक होते. भूमितीचे प्राध्यापक आणि माजी पंतप्रधान बार्तेल ह्यांचा बळी त्याच महिन्याच्या अखेरीस गेला. बानाख ऑगस्ट १९४५ मध्ये कर्करोगाने वारले. म्हणजे तळाशी उरलेले चमचाभर. पण विरजणाला चमचाभर पुरते, हेच मी मघापासून सांगतो आहे.

१५ नोव्हेंबर १९४५ रोजी व्ह्रोत्सवाफमध्ये विद्युत्-यंत्रांचे प्राध्यापक इदाशेव्स्की, हेही ल्व्हूवचेच, पहिले व्याख्यान देण्यास उभे राहिले. दिवसा व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण बंदुका घेऊन लुटारूंपासून इमारतींची राखण करीत. आणि पहिले कुलगुरू कोण? कुल्चिन्स्की, दलदलीतल्या वनस्पतींचा अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ! अभियंत्यांनी मनाला लावून घेऊ नये. ल्व्हूवच्या विद्यापीठाचे कुलगुरू असताना, ज्यू विद्यार्थ्यांना निराळ्या बाकांवर बसविण्याच्या हुकमावर सही करण्यापेक्षा ह्या गृहस्थाने पद सोडणे पसंत केले होते. असा माणूस मिळाल्यावर त्याची विद्याशाखा कोण विचारतो?

कोणी म्हणेल, विरजण वगैरे बोलण्याच्या गोष्टी, दाखला द्या. देतो. ल्व्हूवचे गणिती ज्या कॉफीगृहात बसत, तेथे अनुत्तरित प्रश्नांची एक वही ठेवलेली असे. एका प्रश्नाला त्यांच्यापैकी मझूर ह्यांनी जिवंत हंस बक्षीस लावला होता आणि तो १९७२ साली एका स्वीडिश गणित्याने खरोखरीच पटकावला. तशीच नवी वही त्याच मंडळीतल्या श्टाइनहाउस ह्यांनी १९४६ साली व्ह्रोत्सवाफमध्ये सुरू केली. हे कोणत्या फर्मानात लिहिलेले होते? मूळ भांडेही, नोंद घ्या, रिकामे राहिले नाही; ल्व्हूवचे तंत्रविद्यापीठ युक्रेनियन संस्था म्हणून आजही चालू आहे.

विद्यार्थिजीवनाविषयी बोलावयाचे तसेच राहिले. ऑक्टोबरच्या आरंभी कुलगुरू पांढऱ्या केसाळ कातड्याची झूल पांघरून वर्षारंभ करतात, नेमलेल्या वेळेनंतर पाव तासाने तास सुरू होण्याची चाल आहे, गुणांच्या वहीत प्राध्यापक स्वहस्ते सही करीत, आणि मे महिन्याच्या उत्सवात नगराध्यक्ष शहराच्या किल्ल्या विद्यार्थ्यांच्या हवाली करतात. १९५९ साली ह्याच शहरात ‘एल्व्रो’ कारखाना निघाला, ‘ओड्रा’ नावाची गणकयंत्रे तेथेच तयार झाली आणि ती बांधणारे तरुण ज्यांच्या हाताखाली शिकले, ते अध्यापक पुन्हा... पण काचेपलीकडून निवेदक बोट दाखवीत आहेत.