फोन तिनं करायचा



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता बाहेरगावी शिकतात. माझी लेक यंदा खरगपूरला गेली; कुकरमध्ये तांदूळ मात्र अजून तिघांचाच पडतो.

१९९०च्या दशकात आपण होस्टेलला गेलो, तेव्हा रात्री दर उतरले की एसटीडी बूथवर रांग लागायची. मीटरकडे बघत बोलणं आटपायचं. पुढचा फोन येईपर्यंत आईबाबांनी दिवस कसे काढले असतील? आज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लास्ट सीन’ रात्री दोनचं दिसलं, की काळजी मिटण्याऐवजी वाढते. म्हणून आम्ही ठरवलंय, फोन लेकीनं करायचा. आम्ही वाट बघायची.

बाई, सर, तुम्ही दरवर्षी एका दहावीला निरोप देऊन जूनमध्ये नव्या वर्गासमोर उभे राहायचात. ते कसं जमायचं, ते आज आम्हाला सांगा.